मायक्रोवेव्ह इमेजिंग : गाठ कुठेही ठेवली तरी डाग मध्यभागीच येतो, तेव्हा काय तपासावे

सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मायक्रोवेव्ह इमेजिंगची टाकी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. मायक्रोवेव्ह इमेजिंग म्हणजे वस्तूभोवतीच्या अँटेनांतून सूक्ष्मतरंग सोडायचे आणि ते कसे विखुरले यावरून आतले चित्र गणिताने काढायचे. या चित्र काढण्यालाच पुनर्रचना म्हणतात. टाकीत द्रव, द्रवात वर्तुळाकार बसवलेले १६ अँटेना, मध्ये स्तनाच्या ऊतींची नक्कल करणारा फँटम आणि बाहेर व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे आमच्या बोलण्यातला व्हीएनए (अँटेनांमधून गेलेल्या सिग्नलचा आकार आणि फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात कोठे आहे तो कोन, मोजणारे यंत्र), अशी ही मांडणी आहे. दरवर्षी एम. टेक.ची नवी तुकडी येते आणि जानेवारीच्या सुमारास तोच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहते : "सर, प्रतिमा येतच नाही, अल्गोरिदम बदलू का?" माझे उत्तरही ठरलेले असते, की अल्गोरिदमला हात लावण्याआधी रिकाम्या टाकीचे मोजमाप दोनदा घेऊन या. हा दोष मी इतक्या वेळा काढला आहे की तपासणीचा क्रम आता लिहूनच ठेवावा असे वाटले. ज्याला पैसे आणि वेळ लागत नाही ते आधी व ज्याला दोन्ही लागतात ते शेवटी, असा हा क्रम आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारे लक्षण असे, की फँटममधील गाठ मध्यापासून चार सेंटिमीटर बाजूला ठेवलेली असते, तरीही पुनर्रचित प्रतिमेत बरोबर टाकीच्या मध्यावर मऊ कडांचा एक गोल डाग उमटतो आणि गाठ हलवली तरी तो जागचा हलत नाही. याचीच भावंडे म्हणावीत अशी आणखी काही लक्षणे आहेत. सकाळच्या मोजमापातून गाठ दिसते आणि दुपारच्या मोजमापातून तीच गाठ नाहीशी होते. अँटेनांच्या कडेने ठळक ठिपक्यांची माळ दिसते. गाठ आरशात पाहावी तशी उलट बाजूला येते, किंवा बरोबर २२.५ अंशांनी फिरलेली येते. कधी गाठीची जागा अचूक असते, पण परमिटिव्हिटीची (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या गुणधर्माची) किंमत खऱ्या किमतीच्या निम्मीच भरते. कधी वाहकता ऋण येते, जी निसर्गात नसते. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे, प्रत्येक फेरीत गणितातील त्रुटी (मोजलेले आणि गणिताने काढलेले आकडे यांतील फरक) घटत जाते आणि चित्र मात्र बिघडत जाते.

अडचण अशी की यांतील दोन-तीन लक्षणे एकत्रच येतात, आणि मग विद्यार्थी चित्राकडे पाहून अंदाज बांधू लागतो. चित्रावरून मागे जाऊ नये, मोजमापावरून पुढे यावे.

असे का म्हणतो, ते एका हिशेबावरून कळेल. गाठीवर आदळून विखुरलेला सिग्नल हा अँटेनापर्यंत पोहोचणाऱ्या एकूण सिग्नलपेक्षा ४० डेसिबलने लहान असणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे, म्हणजे तो शंभरातला एक भाग. हा भाग आपण वजाबाकीने काढतो : गाठीसह मोजमाप उणे रिकाम्या टाकीचे मोजमाप. आता या दोन मोजमापांच्या मध्ये एखाद्या केबलचा फेज अवघ्या १ अंशाने सरकला, तर वजाबाकीत सुमारे १.७५ टक्के, म्हणजे उणे ३५ डेसिबलचा खोटा सिग्नल शिल्लक राहतो. तो गाठीच्या सिग्नलपेक्षा मोठा आहे. अल्गोरिदमला यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे समजण्याचा मार्ग नसतो, तो जे दिले त्याचेच चित्र काढतो. शिवाय सर्व दिशांच्या सिग्नलांत सारखीच चूक असेल, तर वर्तुळाकार मांडणीत ती सर्व बाजूंनी सममित वस्तूसारखी भासते आणि अशा वस्तूला बसायला मध्यभागाशिवाय दुसरी जागा नसते. मध्यातला डाग येतो तो बहुतेक वेळा इथून.

पहिली तपासणी : रिकामी टाकी दोनदा

व्हीएनए सुरू करून तास होऊ द्यावा. त्यानंतर रिकाम्या टाकीचे मोजमाप घ्यावे, दहा मिनिटे कशालाही हात न लावता थांबावे, पुन्हा तेच मोजमाप घ्यावे आणि दोहोंची वजाबाकी करावी. मग गाठ ठेवून तिसरे मोजमाप घ्यावे आणि त्यातून दुसरे वजा करावे. पहिली वजाबाकी दुसरीपेक्षा किमान १० डेसिबलने, आणि शक्य तर २० डेसिबलने, लहान असली पाहिजे. तसे नसेल तर पुनर्रचनेकडे जाण्यात अर्थ नाही, कारण यंत्राची स्वतःची चलबिचलच गाठीएवढी आहे. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही आणि तरीही ती कोणी करत नाही, याचे मला अजून नवल वाटते.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट फुकट मिळते. तिसऱ्या अँटेनाकडून अकराव्याकडे गेलेला सिग्नल आणि अकराव्याकडून तिसऱ्याकडे आलेला सिग्नल सारखेच असायला हवेत, कारण टाकीत दिशा ओळखणारे असे काही नाही. १६ अँटेनांची २४० मोजमापे होतात, त्यांतील १२० जोड्यांचा असा मेळ घालून पाहावा. सर्वच जोड्या थोड्याथोड्या विसंगत असतील तर व्हीएनएचे कॅलिब्रेशन (ज्ञात मानकांशी जुळवणी) पुन्हा करावे. एकाच अँटेनाच्या जोड्या बिघडलेल्या असतील तर व्हीएनएला एकेका अँटेनाशी जोडणाऱ्या स्विचमधील त्या अँटेनाची वाट किंवा कनेक्टर पाहावा. हे पाहिल्यावर शोध सोळापैकी एका जागेवर येतो.

गोंगाटच जास्त असेल, तर आयएफ बँडविड्थ (व्हीएनए सिग्नल ज्या अरुंद वारंवारता-पट्ट्यातून मोजतो त्याची रुंदी) १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणावी. गोंगाट १० डेसिबलने उतरतो, मात्र स्वीपला, म्हणजे सर्व वारंवारतांवरून एकदा फिरायला, सुमारे दहापट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात तापमान सरकते, म्हणून याहून खाली जाण्याचा मोह धरू नये.

दुसरी तपासणी : अँटेनांचा क्रम

गाठीऐवजी एक धातूची सळई घ्यावी आणि ती कोणत्याही सममितीच्या रेषेवर येणार नाही अशी, समजा तिसऱ्या व चौथ्या अँटेनाच्या मध्ये पण तिसऱ्याकडे झुकलेली, उभी करावी. धातूचा सिग्नल मोठा असल्यामुळे पुनर्रचना न करताही कोणत्या अँटेनांवर परिणाम झाला हे आकड्यांतच दिसते. आमच्या टाकीवर अँटेनांचे क्रमांक वरून पाहता घड्याळाच्या दिशेने रंगवलेले होते आणि कोडमध्ये कोन गणिताच्या रूढीप्रमाणे उलट दिशेने वाढत होते, त्यामुळे एका तुकडीचे संपूर्ण सत्र आरशातील प्रतिमा पाहण्यात गेले. प्रतिमा २२.५ अंशांनी फिरलेली असेल तर क्रमांक एका घराने सरकले आहेत, कारण ३६० भागिले १६ म्हणजे तेवढेच होतात. बहुतेक वेळा मोजणी शून्यापासून की एकापासून, एवढाच तो घोळ असतो.

तिसरी तपासणी : कनेक्टर आणि केबल

एसएमए कनेक्टर (केबल जोडण्याचा छोटा आट्यांचा जोड) हाताने घट्ट केला म्हणजे झाले, असे समजू नये. पितळी कनेक्टरसाठी सामान्यतः ०.५६ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना वापरतात. पाना 'टक्' असा आवाज करून मान मोडतो तेथे थांबायचे आणि फिरवायचे ते फक्त नटाला. केबल फिरवली तर मधली पिन घासते. जोडण्यापूर्वी प्रत्येक पिन भिंगाखाली पाहावी. सोळांपैकी एक ढिला असला तरी रिकाम्या टाकीच्या पहिल्या तपासणीत तो पकडला जातो, म्हणूनच ती आधी.

केबलबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो. साधारण ७० टक्के वेग देणाऱ्या केबलमध्ये २ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेदहा सेंटिमीटर भरते, म्हणजे केबल १ मिलिमीटरने लांबल्यासारखी झाली तरी फेज सुमारे साडेतीन अंशांनी बदलतो. केबल वाकवणे, टेबलाच्या कडेवरून लोंबकळू देणे, मोजमापाच्या मध्ये कोणी तिला कोपर लावून जाणे, हे सर्व येथे मोजले जाते. त्यात आणखी एक भर अशी, की बहुतेक चांगल्या केबलांत टेफ्लॉनचे आवरण असते आणि टेफ्लॉनची अंतर्गत रचना १९ अंश सेल्सियसच्या आसपास बदलते. त्या तापमानाच्या जवळ केबलचा फेज एरवीपेक्षा जास्त आणि वेडावाकडा सरकतो. चेन्नईच्या प्रयोगशाळेला हे कधी जाणवणारही नाही. सांगलीत मात्र जानेवारीच्या सकाळी खोली नेमकी या तापमानाच्या खालून वर जाते.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीच्या प्रतिमेत टाकीच्या एकाच बाजूला डाग येई, तोही फक्त सकाळी. ती आठवडाभर कोड तपासत होती. एके दिवशी साडेआठला मी तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा पट्टा सातव्या ते दहाव्या केबलवर पडलेला दिसला. हात लावून पाहिला तर त्या चार केबली कोमट होत्या आणि बाकीच्या गार. रिकाम्या टाकीचे मोजमाप ऊन येण्यापूर्वी झाले होते, गाठीचे ऊन आल्यावर. जुन्या पडद्याचे एक कापड खिडकीला लावले आणि मोजमाप दहानंतर सुरू करण्याचा नियम केला, एवढ्यावर ते प्रकरण मिटले.

चौथी तपासणी : द्रव

द्रवाकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण ते स्वच्छ दिसते. आमच्याकडे एकदा अँटेनांच्या कडेने ठिपक्यांची माळ आली आणि समोरासमोरच्या अँटेनांमधील सिग्नल एकाएकी ८ डेसिबलने घसरला. चौकशी केल्यावर कळले, की डिस्टिल्ड पाण्याचे कॅन संपले होते आणि मामांनी, अडून राहायला नको म्हणून, टाकी बोअरच्या पाण्याने भरली होती. घरच्या आरओ फिल्टरसाठी मिळतो तो टीडीएस मीटर बुडवला, तर आकडा दीड हजाराच्या घरात होता. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमीन पाहिलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. एवढ्या क्षारांनी पाण्याची वाहकता मीटरला सुमारे ०.३ सीमेन्सने वाढते आणि १ गिगाहर्ट्झला १५ सेंटिमीटरच्या वाटेवर तेवढ्यानेच ८ डेसिबल जातात. सिग्नल समोरच्या अँटेनापर्यंत पोहोचत नाही, मग शेजारच्या अँटेनांचीच माहिती उरते, आणि प्रतिमा कडेला चिकटते. तेव्हापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी आम्ही आणतो आणि कॅन उघडल्यावर आधी मीटर बुडवतो.

यावरून ऱ्हास, म्हणजे द्रवात सिग्नल क्षीण होणे, वाईटच असा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या स्तनाच्या इमेजिंग यंत्रणेत १६ मोनोपोल अँटेना होते आणि त्या परंपरेत ग्लिसरीन-पाण्यासारखे ऱ्हास करणारे द्रव मुद्दाम वापरतात, कारण टाकीच्या भिंतीवरून परतणारे नको ते सिग्नल त्यात विरून जातात. ऱ्हास असावा, पण तो आपल्याला माहीत असावा आणि दिवसभर तेवढाच राहावा.

तापमानाचे तसेच आहे. २५ अंश सेल्सियसला पाण्याची परमिटिव्हिटी ७८.४ च्या जवळ असते आणि प्रत्येक अंशामागे ती सुमारे ०.३६ ने उतरते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण १ गिगाहर्ट्झला १५ सेंटिमीटरच्या वाटेवर १ अंश सेल्सियसच्या फरकाने फेज साडेतीन अंशांहून अधिक बदलतो, आणि फेजचा एकच अंश गाठीला झाकून टाकतो हे वर पाहिलेच आहे. टाकीत थर्मामीटर कायम टांगलेला असावा आणि प्रत्येक मोजमापाशेजारी त्याचा आकडा लिहावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज गेली की पंखा व एसी बंद होतात. यूपीएसवर व्हीएनए चालू राहतो आणि विद्यार्थी मोजमाप चालूच ठेवतो. असे मोजमाप टाकून द्यावे.

ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या टाकीतील मिश्रण पातळ होत जाते. घनतामापीने आठवड्यातून एकदा पाहावे. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असल्याने नीट न ढवळलेल्या टाकीत खाली दाट व वर पातळ अशी स्थिती होते. ढवळल्यावर मात्र बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे आणि प्रत्येक अँटेनाच्या टोकावरून मऊ ब्रश फिरवावा, कारण टोकाला चिकटलेला हवेचा बुडबुडा त्या अँटेनाचा स्वभावच बदलतो. जिलेटिनचा फँटम सांगलीच्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेर दुसऱ्या दिवशी विश्वासाचा राहत नाही, एवढेच त्याबद्दल पुरे.

पाचवी तपासणी : चिन्ह आणि संदर्भ

येथून आपण संगणकाकडे वळतो. व्हीएनए ज्या रूढीने फेज सांगतो तिच्यात अंतर वाढले की फेज घटतो. भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत आणि त्यांवरून लिहिलेल्या कोडमध्ये काळाचे चिन्ह उलटे असते. दोन्हींची सरमिसळ झाली की ऱ्हास करणारी ऊती कोडला ऊर्जा देणारी भासते आणि वाहकता ऋण येते. तपासणी दोन मिनिटांची आहे. वारंवारता वाढवत नेताना मोजलेला फेज आणि कोडने काढलेला फेज एकाच आलेखावर काढावेत. एक उतरत असेल आणि दुसरा चढत असेल, तर मोजमापाचा संयुग्मी घ्यावा, म्हणजे फेजचे चिन्ह उलटवावे. प्रश्न संपतो.

त्यानंतर मोजमाप आणि गणित यांना एका मापावर आणावे लागते. खरा अँटेना त्रिमितीत सिग्नल पसरवतो, तर आपले बरेचसे कोड द्विमितीतील अनंत लांब रेषेचा स्रोत धरतात, ज्याचे क्षेत्र अंतरानुसार सावकाश कमी होते. यासाठी प्रत्येक जोडीकरिता रिकाम्या टाकीचे गणिती क्षेत्र भागिले रिकाम्या टाकीचे मोजलेले क्षेत्र असा गुणक काढावा आणि विखुरलेल्या सिग्नलला त्याने गुणावे. हा गुणक सर्व जोड्यांसाठी एकच धरण्याची चूक सर्रास होते, आणि जागा बरोबर पण किंमत चुकीची या लक्षणाचे एक कारण तेच आहे.

सहावी तपासणी : कोड दोषी की टाकी

एवढे करूनही प्रतिमा येत नसेल, तर दुसऱ्याच्या मोजमापावर आपला कोड चालवावा. मार्सेय येथील फ्रेनेल संस्थेने २००१ आणि २००५ साली ज्ञात वस्तूंची मोजमापे संशोधकांसाठी खुली केली. त्यांतील साध्या दंडगोलाची प्रतिमा आपल्या कोडने नीट काढली, तर कोड निर्दोष समजून पुन्हा टाकीकडे जावे. स्वतःच निर्माण केलेल्या आकड्यांवर कोड तपासल्याचे समाधान मानू नये. ज्या जाळीवर आकडे बनवले त्याच जाळीवर त्यांची पुनर्रचना केली, तर उत्तर नेहमीच सुंदर येते, आणि ते काहीच सिद्ध करत नाही.

सातवी तपासणी : रेग्युलरायझेशन

आता अल्गोरिदम आणि त्याचे रेग्युलरायझेशन, म्हणजे उत्तर वेडेवाकडे होऊ नये म्हणून गणिताला घातलेला लगाम. ६० गुणिले ६० च्या जाळीत ३६०० अज्ञात किमती असतात आणि आपल्या हाती स्वतंत्र मोजमापे १२०. त्रुटी शून्याकडे नेण्याचा हट्ट धरला, तर अल्गोरिदम गोंगाटाचेही चित्र काढतो. त्रुटी घटते आणि चित्र बिघडते ते यामुळे. पहिल्या तपासणीत यंत्राची जेवढी चलबिचल आढळली, त्रुटी तेवढी झाली की फेऱ्या थांबवाव्यात. उलट रेग्युलरायझेशन जास्त झाले तर गाठ पसरट होते आणि परमिटिव्हिटी निम्मी भरते. मी एल-कर्व्ह (त्रुटी आणि उत्तराचा आकार यांतील तडजोड दाखवणारा, एल अक्षरासारखा आलेख) काढतो आणि त्याच्या कोपऱ्यापासून थोडा कमी-जास्त करून तीन प्रतिमा शेजारी ठेवतो. तिन्हींत असते ते खरे मानतो.

सुरुवात कमी वारंवारतेने, समजा १ गिगाहर्ट्झने, करावी आणि तिचे उत्तर पुढच्या वारंवारतेसाठी पहिला अंदाज म्हणून द्यावे. थेट वरच्या वारंवारतेवर गेल्यास फेजचे पूर्ण फेरे चुकतात आणि गणित भलत्याच दरीत उतरते. नुसत्या पाण्यात चरबीसारखा फँटम ठेवून बॉर्न सन्निकटनाकडून (वस्तूमुळे क्षेत्र फारसे बदलत नाही असे धरणाऱ्या सोप्या पद्धतीकडून) अपेक्षा करू नये, कारण ७८ आणि त्याच्या दशांशाहूनही कमी परमिटिव्हिटी यांतील फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेथे डिस्टॉर्टेड बॉर्नसारखी पुनरावृत्तीची पद्धत घ्यावी किंवा द्रव फँटमच्या जवळचे करावे.

अपेक्षाही जमिनीवर असाव्यात. विस्कॉन्सिन व कॅलगरी विद्यापीठांच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, कर्करोगाची गाठ आणि चरबी यांच्या परमिटिव्हिटीत दहापटीपर्यंत फरक असतो, परंतु गाठ आणि ग्रंथीयुक्त ऊती यांत तो जेमतेम १० टक्के. फँटममध्ये फक्त चरबी व गाठ ठेवून मिळालेली प्रतिमा पाहून हुरळून जाऊ नये.

कोठे थांबावे

कनेक्टरची मधली पिन आत गेलेली किंवा वाकडी दिसली, तर तो व्हीएनएच्या पोर्टला लावूच नये, कारण एका खराब पिनने पोर्ट बिघडतो आणि पोर्टची दुरुस्ती केबलच्या कितीतरी पट महाग पडते. तासभर तापलेल्या व्हीएनएच्या पोर्टला केबलशिवाय थेट शॉर्ट (मधली पिन बाहेरच्या कवचाशी जोडणारा कॅलिब्रेशनचा तुकडा) लावूनही आकडे सरकत असतील, तर दोष यंत्राच्या आत आहे. झाकण उघडू नये, सील तोडू नये, उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राला बोलवावे. टाकीच्या धातूच्या चौकटीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेईपर्यंत खोलीत कोणालाही काम करू देऊ नये.

आणि टाकीत माणूस नाही. मिरज जवळ असल्याने डॉक्टरांची ये-जा असते, कुतूहलही असते. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी संकोचत म्हणाला, "सर, आमच्या काकूंना गाठ लागतेय, आपल्या टाकीत एकदा बघून देता का?" मी त्याला खुर्चीवर बसवले, स्वतः फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या काकूंना मिरजेला सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीसाठी पाठवले. माणसावर मोजमाप घ्यायचे तर नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते आणि नव्या वैद्यकीय उपकरणाच्या चाचणीसाठी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची परवानगी लागते. आमच्याकडे यांपैकी काहीही नव्हते आणि आजही नाही.

सेवा केंद्राच्या अभियंत्याला बोलवण्याची वेळ आलीच, तर त्याच्या हाती चार गोष्टी द्याव्यात : रिकाम्या टाकीच्या दोन्ही मोजमापांच्या मूळ फायली, थेट पोर्टवरील शॉर्टचे तासाभराचे आकडे, त्या दिवसाच्या तापमानाची नोंद आणि शेवटचे कॅलिब्रेशन कोणी, कधी केले त्याची तारीख. पुनर्रचित प्रतिमा पाठवण्याची गरज नाही.